नागपूरहून रेल्वेने निघताना: तब्येतीच्या साध्या सवयींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरहून मुंबई-पुणे म्हणजे अख्खी रात्र गाडीत. विदर्भ, सेवाग्राम, दुरांतो, गरीब रथ, ज्याचं तिकीट मिळेल ती. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मोठे मार्ग इथेच एकमेकांना छेदतात, त्यामुळे चारही दिशांना गाड्या आहेत आणि घरोघरी कुणी ना कुणी बॅग भरत असतं. पोरं पुण्याला नोकरीला, आईवडील इथे, मग येणं-जाणं आलंच. गाडीतून उतरल्यावर डोकं दुखणं, पोट साफ न होणं, पाय सुजणं या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण खोदून विचारलं की बऱ्याच वेळा त्यामागे एकच सवय सापडते. म्हणून पहिला प्रश्न तोच घेतला आहे.

गाडीत सारखं लघवीला जावं लागू नये म्हणून मी संध्याकाळपासून पाणी कमी करते. त्यात काही चुकतंय का?

हो, चुकतंय. आणि असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. खास करून बायका दुपारी चारनंतर घोटभरही पाणी घेत नाहीत, रात्री बर्थवर कोरड्या घशाने झोपतात आणि सकाळी मुंबईला डोकं धरून उतरतात. शरीरात पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, बद्धकोष्ठ होतं, उभं राहताना गरगरतं. लघवी तासन्‌तास धरून ठेवली आणि वर पाणीही कमी, की मूत्रमार्गाच्या संसर्गाला आयतं आमंत्रण. घरी परतल्यावर दोन दिवसांनी जळजळ सुरू होते तेव्हा त्याचा संबंध प्रवासाशी आहे हे लक्षातही येत नाही.

उपाय पाणी तोडण्यात नाही, वेळ बदलण्यात आहे. निघण्याच्या दिवशी सकाळपासून नेहमीपेक्षा थोडं जास्त प्या. गाडी सुटायच्या तासभर आधी एक ग्लास, मग स्टेशनवर किंवा घरीच बाथरूमला जाऊन या. गाडीत एकदम बाटली रिकामी करू नका, घोट घोट घ्या. रात्रभराच्या प्रवासाला साधारण लिटरभर पाणी पुरतं. उन्हाळ्यात दिवसाचा प्रवास असेल तर तासाला एखादा ग्लास धरा. मोजमाप नको असेल तर लघवीचा रंग पाहा. फिकट असेल तर ठीक, गर्द पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. झोपण्याआधी तासभर हात आखडता घेतला तर चालेल. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्याचं प्रमाण बांधून दिलं आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांचंच ऐकावं.

आणि हो, चहा म्हणजे पाणी नाही. दर स्टेशनावर ‘चाय, चाय’ ऐकून कप घेत गेलात तर झोपही जाईल आणि छातीत जळजळेल ते वेगळं.

संडास घाण असतो म्हणूनच तर पाणी पीत नाही. त्याचं काय?

ही अडचण खरी आहे, ती झटकून टाकण्यात अर्थ नाही. पण थोडी पूर्वतयारी केली तर निभावतं. एक छोटी वेगळी पिशवी ठेवा: कागदी साबण, टिश्यू, एक रिकामी अर्ध्या लिटरची बाटली, हँड सॅनिटायझर. डब्यातला साखळीचा मग हातात घ्यायचा नसेल तर ही बाटली नळाखाली भरून वापरता येते. ओल्या फरशीसाठी रबरी चप्पल. सॅनिटायझर चोळलं म्हणजे हात धुतले असं होत नाही; संडासानंतर आणि जेवणाआधी साबण-पाणीच हवं, कारण जुलाब-उलटीचे काही विषाणू सॅनिटायझरला दाद देत नाहीत.

डबा सुटण्याच्या स्थानकावर धुऊन आलेला असतो, त्यामुळे पहिल्या तासात संडास सगळ्यांत स्वच्छ. नागपूरहूनच सुटणाऱ्या गाडीचा हा फायदा घ्या. मागून येणाऱ्या गाडीत चढत असाल तर दोन्ही टोकांचे संडास पाहून बरा निवडा. खूपच वाईट असेल तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर तक्रार करा, पुढच्या मोठ्या स्टेशनवर सफाईवाले येतात. आता डब्यांना बायो-टॉयलेट आहेत, रेल्वेने डीआरडीओच्या सोबतीने बनवलेले. त्यात सॅनिटरी पॅड, डायपर, बाटल्या टाकल्या की ते तुंबतात आणि मग आपल्यालाच भोगावं लागतं.

मे महिन्यात स्लीपरने दिवसाचा प्रवास आहे. ऊन लागू नये म्हणून काय करावं?

शक्य असेल तर करूच नका, हे पहिलं उत्तर. रात्रीची गाडी घ्या, नाहीतर एसीचं तिकीट काढा. या एका बाबतीत पैशाकडे पाहू नये. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे सहज जातो, २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ पर्यंत गेला होता. सकाळी गोंदियाहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस भर दुपारी वर्धा-बडनेरा-अकोला पट्ट्यातून जाते आणि तेव्हा डब्याचा पत्रा हात लावू देत नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला असेल तर बोलायलाच नको.

जावंच लागलं तर एक गोष्ट नीट समजून घ्या. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असली की खिडकीतून येणारा वारा थंडावा देत नाही, उलट अंग तापवतो आणि घाम डोळ्यांदेखत सुकवून पाणी खेचून घेतो. म्हणून दुपारी बारा ते चार उन्हाच्या बाजूची खिडकी लावून घ्या, समोरची फटीएवढी उघडी ठेवा. सुती दुपट्टा किंवा पंचा भिजवून, पिळून मानेभोवती आणि डोक्यावर घ्या. खिडकीला ओला टॉवेल लावला तर आत येणारी झुळूक चक्क बरी लागते, आपल्या घरच्या कूलरच्या खसच्या ताट्या याच तत्त्वावर चालतात. विदर्भाची हवा कोरडी आहे म्हणून हे जमतं. कसारा उतरून कल्याणकडे गेलात की दमट हवेत तोच टॉवेल नुसता चिकचिक करतो.

नुसतं पाणी पिऊन भागत नाही, घामातून मीठही जातं. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा, एक पाकीट लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजपंचे जास्त टाकू नका, त्याने नुकसान होतं. दुकानात फळांच्या चवीची गोड पेयं मिळतात ती ओआरएसच्या जागी चालत नाहीत. कैरीचं पन्हं मस्तच, पण बाटलीत भरून नेलेलं दुपारपर्यंत आंबतं. गर वेगळा, घट्ट गुळात शिजवलेला नेला तर टिकतो. सातूचं पीठ आणि किसलेला गूळ कोरडा न्या, पाणी घातलं की काम झालं.

कुणाला चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर झोपवा, पाय थोडे वर, कपडे सैल, ओआरएस घोट घोट. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखं तापलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात आहे, आणि तिथे वेळ दवडायचा नाही. मान, काखा, जांघा ओल्या कापडाने सतत ओल्या करत राहा, वारा घाला, १३९ लावा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही म्हणतात…

ठेवा. खिशातला कांदा काही करत नाही, जेवणात कच्चा खाल्ला तर तोंडाला चव येते. डोक्यावरचा दुपट्टा मात्र विसरू नका.

घरून डबा न्यायचा आहे. काय टिकतं?

पाणी कमी असलेलं टिकतं, हा सगळा हिशेब. दशम्या, धपाटे, तिखटामिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, लोणच्याची फोड, मुरमुऱ्याचा चिवडा, फुटाणे-गूळ. आजीच्या पिढीने हे पदार्थ उगाच नाही ठरवले. बिघडतं ते ओलं: रस्सा, आलूची ओलसर भाजी, पनीर, ओल्या नारळाची चटणी, शिजवलेला भात, चिरलेला कांदा-सांबार (म्हणजे कोथिंबीर) घातलेलं काहीही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि ३२ अंशांच्या वर तर तासभरच, असा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे आपल्या एप्रिल-मेमध्ये आलूची भाजी गाडी वर्ध्याला पोहोचेपर्यंतच खायची.

एक बारीकशी गोष्ट, पण सगळी गंमत त्यातच आहे. धपाटे तव्यावरून थेट डब्यात भरायचे नाहीत. गरम असताना झाकण लावलं की वाफ आत धरते, झाकणाला थेंब लागतात, ते खाली ठिबकतात आणि वरचे दोन-तीन धपाटे आधी लिबलिबीत होतात, मग आंबूस. ताटात सुटे पसरून पूर्ण गार करा, मधे पंख्याखाली एकदा उलटा, मग सुती कापडात गुंडाळून डब्यात. फॉइलपेक्षा कापड बरं, कारण ते ओल शोषून घेतं. चटणीचा चमचा कोरडा असू द्या.

सांबारवडी सगळ्यांना हवी असते, पण ती तळलेली आणि आत ओल्या सारणाची. दुपारी केली तर रात्री गाडी सुटताच संपवा, दुसऱ्या दिवशी सकाळसाठी राखू नका. आणि सावजीच्या झणझणीत रश्श्यावर ताव मारून गाडीत बसणाऱ्यांनी वरच्या बर्थवर झोपू नये, रात्री किती वेळा उतरावं लागेल सांगता येत नाही.

फळांत संत्र्यासारखं दुसरं काही नाही. सालीतच बंद, हात लावावा लागत नाही, पाणी भरपूर. अंबिया बहाराची साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात. कापलेली फळं फलाटावरून घेऊ नका.

मग फलाटावरचं काहीच खायचं नाही? शेगावची कचोरी?

शेगाव आलं आणि कचोरी घेतली नाही असा नियम आम्ही कुणाला घालणार नाही. गरम असेल तर घ्या, एक-दोन खा, सोबतची चटणी सोडा. गरमागरम तळलेला पदार्थ त्या मानाने सुरक्षित असतो, धोका बहुतेक वेळा चटणीतल्या पाण्याचा, हाताचा आणि टोपलीत तास-तास पडून राहण्याचा. ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांनी संध्याकाळनंतर टाळावी.

पाणी सीलबंद घ्या आणि झाकण फिरवताना सील कडकन तुटतंय ना, ते पाहा. रिकामी बाटली चुरगाळून टाका, नाहीतर तीच पुन्हा भरून कुणाच्या तरी हाती येते.

गाडीत झोपच लागत नाही.

बर्थ निवडता येत असेल तर डब्याच्या मध्यावरचा मागा. चाकांचे संच डब्याच्या दोन्ही टोकांना असतात, तिथे हादरे जास्त, दारांची ये-जा जास्त, संडासाचा वास जास्त. नव्या धाटणीच्या (एलएचबी) स्लीपर डब्यात ८० बर्थ असतात, त्यातले साधारण ३३ ते ४८ मधले. ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षांपुढच्या स्त्रिया आणि गरोदर स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, तिकीट काढतानाच तो भरा. गाडीत चढल्यावर समोरच्याला ‘भाऊ, जरा खालचा देता का’ म्हणत बसण्यापेक्षा बरं.

मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ याच वेळेत उघडायचा असतो. दहानंतर मोठ्याने बोलणं, हेडफोनशिवाय रील पाहणं नियमात बसत नाही. टीटीईला सांगायला लाजू नका. तरीही कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवर पट्टी सोबत ठेवाच. जेवण आठच्या आत, हलकं.

झोप उडवणारं आणखी एक कारण कुणी बोलून दाखवत नाही: स्टेशन निघून जाईल ही धाकधूक. पहाटे तीनला बडनेऱ्याला उतरायचं असलं की माणूस मूर्तिजापूरच्या आधीपासून डोळे ताणून बसतो. १३९ वर पीएनआर देऊन डेस्टिनेशन अलर्ट लावता येतो, स्टेशन येण्याआधी फोन वाजतो. मोबाइलचा गजरही लावून ठेवा, आणि चार्जिंग पुरेल असं पाहा. या एवढ्याने अनेकांना दोन-तीन तास गाढ झोप मिळते.

आईचं वय ७२. पुण्याहून उतरली की पाय सुजलेले असतात. काळजीचं आहे का?

दोन्ही पाय सारखेच सुजले, दुखत नाहीत आणि रात्रभर आडवं झाल्यावर सूज उतरते, तर ते पाय लोंबकळत बसण्यामुळे झालेलं. दर तासाला बसल्याजागी टाचा वर, मग चवडे वर, असं वीस-पंचवीस वेळा करायला सांगा. पोटरीचे स्नायू आखडले-सुटले की रक्त वर ढकललं जातं. सोबत कुणी असेल तर डब्यात एक फेरी, पण गाडी स्टेशनात शिरताना नाही, तेव्हा धक्के बसतात. बसताना पाय सामानावर टेकवता आले तर उत्तम. दिवसाच्या वंदे भारतमध्ये खुर्चीवर बसून जाणाऱ्यांनी हे जास्त पाळावं, तिथे आडवं व्हायची सोय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक वेळ न हलता बसून प्रवास केल्यास शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात मूळ धोका कमीच, सुमारे सहा हजारांत एक. पण अलीकडे ऑपरेशन झालेलं असेल, आधी गुठळी झालेली असेल, गरोदरपण किंवा कॅन्सर असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, किंवा अचानक धाप लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून मलम चोळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मधुमेह आणि बीपीच्या गोळ्यांचं काय?

गोळ्या हातातल्या पिशवीत, बर्थखालच्या सुटकेसमध्ये नाही. दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्या, कारण गाडी कधी पोहोचेल याचा नेम नाही. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: जेवण प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय टोचून घ्यायचं नाही. पॅन्ट्रीवाला ‘दस मिनट में लाता हूँ’ म्हणतो आणि पाऊण तास फिरकत नाही. तोवर साखर उतरून घाम आणि थरथर सुरू. खिशात साखर किंवा ग्लुकोजची बिस्किटं हवीतच. उन्हाळ्यात पेन खिडकीशी ठेवू नका आणि बर्फाला थेट लावूनही ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. रुंद तोंडाचा थर्मास गार पाण्याने विसळून, कोरडा पुसून त्यात पेन ठेवलं की प्रवासापुरतं भागतं.

लघवी जास्त होणारी बीपीची गोळी काहींना असते. तिची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. मनाने गोळी गाळणं चांगलं नाही.

मुलाला गाडी लागते.

इटारसीकडे जाताना मरामझिरी-धाराखोहच्या घाटात किंवा कसाऱ्याच्या घाटात वळणं येतात तेव्हा हे जास्त होतं. कान म्हणतो हलतोय, डोळे मोबाइलवर खिळलेले, दोघांचं जमत नाही आणि पोट ढवळतं. मोबाइल काढून घ्या, गाडी जाते त्या दिशेला तोंड करून खिडकीशी बसवा, लांबचं झाड-डोंगर पाहायला सांगा. पोट रिकामंही नको, गच्चही नको. संत्र्याच्या सालीचा वास बऱ्याच मुलांना बरा वाटतो. गोळी द्यायचीच असेल तर डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे आणि निघण्याआधी. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

एसीत सर्दी होते.

गारठा आणि कोरडी हवा नाक-घसा सुकवतात, आणि बंद डब्यात खोकणारे शेजारी असतातच. एसीचा झोत डोक्यावर येणार नाही अशा बाजूला उशी घ्या, कानाला रुमाल, पायात मोजे. मे महिन्यात ४५ अंशांतून थेट एसीत शिरताना घामाचं अंग आधी पुसा.

रोज वर्धा-नागपूर अप-डाऊन करतो. कंबर आणि मान कायम धरलेली.

अप-डाऊनवाल्यांचं दुखणं वेगळं, कारण ते रोजचं. एका खांद्यावरची लॅपटॉपची बॅग सोडा, दोन पट्ट्यांची घ्या आणि उभं राहायचं असेल तेव्हा ती खाली ठेवा. उभं असताना एका पायावर सगळा भार देऊन टेकू नका, पाय थोडे फाकवून गुडघे सैल ठेवा, हादरे कमरेऐवजी पायात मुरतात. मोबाइल छातीपाशी नाही, डोळ्यांच्या जवळपास उंचीला. घरून उपाशी निघून स्टेशनवर तर्री पोहे आणि चहा, हे आठवड्यातून एकदा ठीक, रोज केलं तर ॲसिडिटीची गोळीही रोज लागते. दोन पोळ्या आणि कालवलेली चटणी गाडीतच खा.

आणि सुटलेल्या गाडीमागे धावू नका, दारात पाय लोंबकळत बसू नका.

गाडीतच कुणाची तब्येत बिघडली तर कुणाला सांगायचं?

आधी टीटीई किंवा कोच अटेंडंट, आणि त्याच वेळी १३९. फोनवर गाडी क्रमांक, डबा, बर्थ, वय आणि त्रास काय, एवढं नेमकं सांगा; पुढच्या सोयीच्या स्टेशनवर डॉक्टर बोलावता येतो. प्रथमोपचाराची पेटी गाडीत असते. डब्यात मोठ्याने विचारा, कुणी डॉक्टर किंवा नर्स आहे का. बहुतेक वेळा निघतंच कुणीतरी.

साखळी ओढण्याआधी थांबा. दोन स्टेशनांमधे, शेतात उभ्या राहिलेल्या गाडीजवळ ना ॲम्ब्युलन्स येते ना डॉक्टर. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ अशा ठिकाणी गाडी लवकर पोहोचवणं जास्त कामाचं. छातीत दाबल्यासारखं, डावा हात किंवा जबडा दुखणं, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं, यातलं काही दिसलं तर सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच विचारतात.